बेसूर कोण

नवशिक्यासाठी छोटी, स्वस्त, प्रवासात नेता येईल अशी गिटार घेऊ का, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडाची चवच जाते. विचारणारा बिचारा साधा बाप असतो, मुलीचा वाढदिवस तोंडावर आलेला असतो, फोनवर चित्र उघडून तो माझ्यापुढे धरतो. मी नीट उत्तर देते. आधी दुकानात जा, हातात घेऊन बघ, वाजवणाऱ्या कुणाला तरी सोबत ने, छोटी असणं हा काही दोष नाही, वगैरे. पण हे बोलताना कधी एकदा हा माणूस फोन खिशात टाकतो असं होतं. केसांत पांढरं दिसायला लागलं तरी हे काही गेलं नाही. म्हणून ती दोन वर्षं आहेत तशी इथे लिहून टाकते.

आम्ही अमरावतीहून अमेरिकेत, हर्नडनला आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबा कॉन्ट्रॅक्टवर प्रोग्रामर होते आणि कॉन्ट्रॅक्ट कधीही संपेल, कधीही दुसऱ्या राज्यात जावं लागेल, या एका वाक्यावर आमचं घर चालायचं. त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू घडी होणारी होती. जेवायचं टेबल घडीचं, खुर्च्या घडीच्या, माझी गादी हवा भरायची. सकाळपर्यंत तिच्यातली अर्धी हवा गेलेली असायची आणि मी कार्पेटवर टेकलेली असायचे. बॅगा माळ्यावर ठेवायला माळाच नव्हता, त्या हॉलमध्ये भिंतीला लावून उभ्या असत आणि त्यांच्यावर चादर टाकून आई त्यांचा सोफा करायची. फोडणी टाकली की छतावरचा अलार्म बोंबलायला लागे. मग मी पंचा घेऊन त्याच्याखाली वारा घालत उभी राहायचे आणि आई तिथूनच ओरडायची, "अजून जोरात, सुमे! अजून मोहरी तडतडायची आहे!" गोळाभात, वरणफळं, पाटवडीचा रस्सा, सगळं आम्ही त्या अलार्मच्या सोबतीनं खाल्लं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा ड्रायर दिवसभर घरघरायचा. त्याची मला इतकी सवय झाली होती की तो थांबला की कुणीतरी गेल्यासारखं वाटायचं.

शाळेत मी बोलायचे नाही. इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण मी तोंड उघडलं की समोरच्याच्या कपाळावर एक आठी पडायची आणि तो "सॉरी?" म्हणायचा. तीनदा "सॉरी?" ऐकल्यावर माणूस आपलं वाक्य गिळूनच टाकतो. जेवणाच्या सुट्टीत अंगणात कायला नावाची एक मुलगी गिटार घेऊन बसायची. फार काही छान वाजवायची असं आता वाटत नाही, चार-पाच कॉर्ड्‌स आलटूनपालटून. पण तिच्याभोवती दहा-बारा जण बसलेले असायचे आणि त्यातला कुणीच काही बोलत नसायचा. मला गिटार हवी होती ती एवढ्याचसाठी. संगीताचं वेडबीड काही नव्हतं. बोलावं न लागता माणसांत बसता यावं, हातात असं काहीतरी असावं, इतकंच.

बाबांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले, हे मी कबूल केलं पाहिजे. ते तीन संध्याकाळी लॅपटॉपपुढे बसले. बाबांना कुठलीही वस्तू घेताना अभ्यास करायची सवय होती. तांदूळ शिजवायचं भांडं घेतानासुद्धा त्यांनी चाळीस अनोळखी माणसांची मतं वाचली होती. चौथ्या दिवशी त्यांनी डॉक्टरकाकांना फोन केला. डॉक्टरकाका म्हणजे आमच्या भागातल्या मराठी लोकांचं शेवटचं कोर्ट. फार आधी आलेले, हृदयाचे डॉक्टर, आता निवृत्त, झाडीत मोठं घर. घर घ्यायचं, गाडी घ्यायची, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, सगळे त्यांना विचारायचे. शिवाय ते पेटी वाजवायचे, त्यामुळे संगीतातलं तर त्यांनाच कळणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. फोन स्पीकरवर होता. मी बाजूलाच उभी होते.

"लहान हात, लहान गिटार," डॉक्टरकाका म्हणाले. "ती ट्रॅव्हल साइझ मिळते ना, तीच घ्या. सुरुवातीला सगळ्या सारख्याच. टिकली पोरगी तर पुढे मोठी घेऊ."

"मी पण तीच शॉर्टलिस्ट केली होती डॉक्टरसाहेब," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा परीक्षेत पहिला आल्यासारखा झाला होता. "मूव्ह झालो तरी विमानात वरच्या कप्प्यात बसेल."

खोका आला तो मी शाळेतून यायच्या आधीच बाबांनी उघडून ठेवला होता. सरस आणि स्वस्त व्हार्निश यांचा एक उग्र वास हॉलभर पसरला होता, नव्या प्लास्टिकच्या चपलांच्या दुकानात येतो तसा. गिटार चकचकीत निळी होती. आतल्या बाजूला सरसाचे ओघळ वाळून बसले होते, नाकातून आलेले असावेत तसे. सोबत एक डीव्हीडी होती, 'पहिल्या दिवसापासून वाजवा' अशा अर्थाचं काहीतरी तिच्यावर छापलेलं, आणि तारा जुळवायचं एक छोटं बॅटरीचं यंत्र. बाबांनी ते यंत्र गिटारला लावून एकेक तार जुळवली. बरोबर सूर लागला की यंत्रावर हिरवा दिवा लागायचा. सहाही तारांवर हिरवा लागल्यावर त्यांनी टाळी वाजवली. "बघ. परफेक्ट. आता फक्त प्रॅक्टिस."

तो हिरवा दिवा आमच्या घरात पुढे पुरावा म्हणून वापरला गेला.

मी रोज बसायचे. शाळेतून आले की गुळाचा चहा आणि रव्याचा लाडू, मग बॅगांच्या सोफ्यावर बसून तासभर. त्या गिटारच्या तारा तिच्या मानेपासून इतक्या उंच होत्या की खालून अख्खी पेन्सिल जाईल. त्या दाबायच्या म्हणजे बोटात तार रुतेपर्यंत दाबायच्या. पहिल्या आठवड्यात बोटांना चिरा पडल्या, दुसऱ्यात त्यांतून पाणी यायला लागलं. आई रात्री बोटांना तूप लावायची आणि म्हणायची, "काहून करतेस गं एवढं?" डीव्हीडीतला हसरा माणूस म्हणायचा की थोडं दुखणारच. डॉक्टरकाका म्हणायचे की साधना आहे. मी दुखणं सोसलं असतं. पण दुखून-दुखून जे बाहेर यायचं ते घाणेरडं असायचं. नुसत्या तारा छेडल्या तर ठीक. बोटांनी दाबून कॉर्ड धरली की तिच्यातला एक सूर दुसऱ्याच्या अंगावर जायचा, जणू सहा माणसं एका वेळी वेगवेगळ्या कारणांनी कण्हतायत. मी पुन्हा यंत्र लावायचे. हिरवा दिवा. पुन्हा कॉर्ड. पुन्हा ते कण्हणं. म्हणजे तारा बरोबर होत्या, यंत्र बरोबर होतं, डीव्हीडीतला माणूस बरोबर होता. राहिलं कोण? मी. आठ महिने मी स्वतःची बोटं, मनगट, कान, सगळं तपासत होते. कायलाच्या घोळक्याजवळ मी एकदाही गिटार नेली नाही. ती मांडीवर घेऊन लोकांत बसायची मला लाज वाटायची.

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांचं समूहगान होतं. बाबांनी परस्पर माझं नाव दिलं. कीबोर्डवर एक मुलगा आणि गिटारवर मी, अशी साथ. तालमीत कीबोर्डचा आवाज मोठा होता, मला स्वतःचं काहीच ऐकू येत नव्हतं आणि ते मला बरंच वाटत होतं. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र कुणीतरी प्रेमानं माझ्यासमोर माइक आणून ठेवला. पहिल्या ओळीलाच समोरच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या कडव्याला गाणारी पोरं गोंधळली, अर्धी कीबोर्डच्या सुरात आणि अर्धी माझ्या. तिसऱ्या कडव्याला पोरं थांबलीच. निवेदनाचा माइक डॉक्टरकाकांकडे होता. ते रंगमंचाच्या कडेला आले आणि खास त्यांच्या त्या मऊ, खर्जातल्या आवाजात म्हणाले, "बाळ, तू आठवा सूर शोधलास काय गं?"

अख्खं सभागृह हसलं. हसणं वाईट नसतं, लोक हसतात. मी बाबांकडे बघितलं. ते तिसऱ्या रांगेत होते आणि तेही हसत होते. ओठ ताणून, डॉक्टरकाकांकडे बघत, आपण गंमत समजणारे आहोत हे त्यांना दिसावं असं. बापाचं ते हसणं बघून मला पहिल्यांदा त्यांची किळस आली. हा शब्द मी जपून वापरते. राग आला असता तर तो गेलाही असता.

नंतर खाली जेवणाच्या रांगेत डॉक्टरकाका बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. कान उपजत असावा लागतो. नसेल तर नसतो. चित्रकलेत घाला तिला." त्यांच्या दुसऱ्या हातात श्रीखंडाची वाटी होती आणि बोलताना त्यांच्या मिशीला श्रीखंड लागलं होतं. बाबा म्हणाले, "खरं आहे, डॉक्टरसाहेब." मी तिथेच उभी होते, हातात प्लेट घेऊन.

पुढच्या शनिवारी आई नव्यानं मिळालेल्या लायसन्सवर गाडी काढून देशी किराण्याच्या दुकानात निघाली तेव्हा मीही निघाले आणि गिटार मागच्या सीटवर टाकली. किराण्याच्या रांगेतच, दोन दुकानं सोडून, वाद्यदुरुस्तीचं एक अंधारं दुकान होतं. आई कढीपत्ता निवडत बसली आणि मी तिथे गेले. वॉल्ट नावाचा एक म्हातारा तिथे बसायचा, दाढीत लाकडाचा भुसा. मी त्याला म्हटलं, मला कान नाही, पण तो नक्की किती नाही हे तपासून मिळेल का. तो हसला नाही. त्यानं गिटार घेतली, एक तार मोकळी छेडली. मग तीच तार मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीवर दाबून छेडली आणि मला विचारलं, "हे दोन सूर सारखे आहेत का? एक खालचा, एक वरचा, पण जातीनं सारखे?"

"नाहीत," मी म्हटलं. "दुसरा चढाय."

"कितपत?"

मी गुणगुणून दाखवलं. त्यानं मान हलवली. मग एक पोलादी मोजपट्टी काढली आणि मला दाखवून मोजलं. मानेच्या टोकापासून बाराव्या पट्टीपर्यंतचं अंतर आणि तिथून, तारा ज्यावर टेकतात त्या खालच्या टेकूपर्यंतचं अंतर जवळजवळ सारखं लागतं. या गिटारचा टेकूच चुकीच्या जागी चिकटवलेला होता. त्यात तारा इतक्या उंच की त्या दाबतानाच ताणल्या जाऊन आणखी चढायच्या. "मोकळ्या तारा सुरात लागतील," तो म्हणाला. "बोट ठेवलंस की संपलं. ही कुणालाच वाजवता येणार नाही. मलाही नाही." मी विचारलं, छोटी आहे म्हणून का? त्यावर तो चिडला. त्यानं भिंतीवरून तेवढीच छोटी एक गिटार काढून एकच कॉर्ड वाजवली आणि परत टांगली. "छोटी असण्यात वाईट काही नाही. तुझ्याकडे आहे ते वाद्यच नाही. वाद्यासारखी दिसणारी वस्तू आहे. आणि असल्या वस्तू नेमक्या नवशिक्यांना विकतात, कारण दोष कुणाचा हे त्यांना कळत नाही. तुला कळलं. तुझा कान चांगला आहे, मुली."

मी गाडीत बसले आणि आईला सगळं सांगितलं. आई रस्त्यावरून नजर न हटवता "हं" म्हणाली. उजवीकडे वळताना ती कायम घाबरायची. घरी येऊन मी बाबांना सांगितलं, पट्टी घेऊन मोजायला सांगितलं. बाबांनी मोजलं नाही. त्यांनी बॅटरीचं यंत्र आणलं, सहा तारांवर सहा वेळा हिरवा दिवा लावून दाखवला आणि म्हणाले, "हे बघ बेटा, साडेतीनशे लोकांनी हिला चांगलं म्हटलंय. डॉक्टरसाहेबांसारख्या माणसानं सांगितलंय. आणि एक दुकानदार म्हणतो म्हणून? त्याला दुसरी विकायची असेल. आपल्याकडे म्हण आहे ना, नाचता येईना..."

"अंगण वाकडं," मी म्हटलं. "पण बाबा, अंगण वाकडं असूही शकतं ना!"

"एक्स्क्यूज आहेत सगळे."

आई पोळ्या लाटत होती. तिनं मागे वळून बघितलं नाही. मला त्या दिवशी तिच्या पाठीचाही वीट आला. गिटार बॅगांच्या मागे गेली आणि मी पुन्हा गप्प बसायला लागले. आता घरातही.

पुढच्या वसंतात आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये अनघाताई राहायला आली. ती आणि निखिलदादा, नवं लग्न, पुण्याचे. ती तिकडे चांगली नोकरी करणारी इंजिनिअर, इथे मात्र तिच्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. दिवसभर घरी. ती माझ्याशी बरोबरीच्या मैत्रिणीसारखं बोलायची, मला सुमी म्हणायची, मी शाळेतून आले की जिन्यातच कॉफीचा मग हातात द्यायची. एका रविवारी ते दोघं आमच्याकडे चहाला आले असताना ती म्हणाली, "मला कॉलेजपासून गिटार शिकायची होती, यार. आता वेळच वेळ आहे."

बाबा उठलेच. बॅगांमागून ती निळी वस्तू काढून त्यांनी पंच्यानं पुसली. "घेऊन जा. बिगिनरसाठी अगदी बेस्ट. आमच्या सुमीनं खूप एन्जॉय केली, आता अभ्यासामुळे वेळ नाही तिला. हो ना गं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अनघाताईचे डोळे चमकत होते. बाबांच्या डोळ्यांत काय होतं ते मी ओळखलं. विनंती होती. ती वस्तू कुणाच्या तरी हातात चांगली ठरायला हवी होती त्यांना.

"हो," मी म्हटलं. "छान आहे."

एवढंच बोलले. आजवर मी यापेक्षा मोठं खोटं बोललेय, कामासाठी, सोयीसाठी, पण त्या तीन शब्दांइतकी मला माझीच शिसारी कशानं आली नाही. आणि पुढचे तीन महिने मला त्याची शिक्षा ऐकू येत राहिली, शब्दशः. दुपारी ड्रायरच्या घरघरीतून खालून तेच कण्हणं वर यायचं. तीच कॉर्ड, मग थांबणं, मग तारा जुळवणं, मग तीच कॉर्ड. तिच्या बोटांवर तशाच चिरा दिसायला लागल्या. मी जिन्यात कॉफी घेताना त्यांच्याकडे बघायचे नाही. मग एके दिवशी खालून काहीच आलं नाही. मी गेले तर ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली होती, पाय पसरून, रडून झालेलं.

"मला काहीच जमत नाही गं सुमी," ती म्हणाली. "नोकरी नाही, ड्राइव्ह करता येत नाही, आणि हेसुद्धा नाही. लहान पोरांना येतं. निखिल म्हणतो, सोडून दे, दुसरं काहीतरी ट्राय कर. मला वाटतं इथे येऊन माझं डोकंच बंद पडलंय."

मी तिथेच उभी राहून सगळं सांगितलं. दिवाळी, वॉल्ट, पट्टी, टेकू, सगळं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू कोरडा होत गेला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"तीन महिने? मी रोज तुला विचारत होते, बोटं कशी ठेवू म्हणून?"

"हो."

ती उठली, तोंड धुतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरी जा, सुमेधा."

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आमच्याकडे डॉक्टरकाका आणि काकू जेवायला येणार होते. निखिलदादा आणि अनघाताईला आधीच बोलावलेलं होतं. ती येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली, आणि गिटार घेऊन आली. आईनं पाटवडीचा रस्सा केला होता, डॉक्टरकाकांचा आवडता. अलार्म वाजून गेला होता, खिडक्या उघड्या होत्या, घडीच्या टेबलाला टेकून पाहुणे बसले होते. पहिला घास घ्यायच्या आधीच अनघाताईनं गिटार डॉक्टरकाकांपुढे धरली. "काका, तुमचा कान फार तयार आहे म्हणतात. माझी ही जरा लावून द्याल? मला सूर सापडतच नाही."

डॉक्टरकाकांना असलं काही सांगितलं की ते फुलायचे. त्यांनी चष्मा सरळ केला, यंत्र वगैरे नको म्हणाले, कानानं सहा तारा लावल्या. सुंदर लावल्या, हेही खरं. मग त्यांनी एक तार दाबून छेडली. दुसरी छेडली. त्यांचं तोंड किडका बदाम चावल्यासारखं झालं.

"छे, छे, छे! अहो हे वाद्यच बेसूर आहे. मुळातच चुकलंय. तुम्ही ब्रह्मदेवाला आणलंत तरी यातून सूर निघायचा नाही. असलं भिकार कुणी मारलं तुझ्या गळ्यात?"

अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं त्यांना.

बाबा आपल्या ताटातली चटणी बोटानं एका बाजूला सारत होते. "ते... ऑनलाइन घेतलं होतं," ते म्हणाले, जणू ती गिटार आभाळातून पडली होती.

"सुमेधाची आहे," अनघाताई म्हणाली. "दिवाळीत हीच वाजवली होती तिनं."

"असं का? मला काही आठवत नाही बुवा," डॉक्टरकाका म्हणाले आणि गिटार भिंतीला टेकवून हात पुसले.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. फोनवर दिलेला सल्ला, आठवा सूर, उपजत कान, काहीच. माझं वर्ष गेलं होतं आणि त्यांच्या आठवणीत त्याला श्रीखंडाच्या डागाइतकीही जागा नव्हती. तेवढ्यात आई, हातात रश्शाचा डाव घेऊन उभी असलेली माझी आई, जी पाहुण्यांसमोर 'आणखी घ्या'पलीकडे कधी काही बोलली नव्हती, ती बोलली.

"मला आठवतं, डॉक्टरसाहेब. ही लहान गिटार घ्या, असं तुम्हीच फोनवर सांगितलं होतं. मग दिवाळीत माझ्या पोरीला सगळ्या लोकांसमोर बेसूर म्हणाला. आज वाद्याला बेसूर म्हणून राहिले. मग नक्की बेसूर कोण, ते एकदाचं सांगून टाका. म्हणजे आम्हाला बरं पडेल."

"अहो वहिनी, गंमत केली असेल मी," ते हसले. "लहान मुलांशी गंमत करायची नाही का?"

"त्या दिवसापासून ती घरात बोलत नाही."

"अगं, रस्सा वाढ त्यांना," बाबा घाईघाईनं म्हणाले. "निवतोय."

आईनं डाव बाबांच्या ताटाशेजारी ठेवला. "तुम्हीच वाढा," ती म्हणाली आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली. आणि बाबांनी वाढला. डॉक्टरकाकांनी तीन पाटवड्या आणखी घेतल्या, तिखट फक्कड जमलंय म्हणाले, आणि जाताना नेहमीसारखं माझ्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले. मी मागे सरकले. तो हात तसाच हवेत राहिला आणि मग त्यांनी त्याच हातानं टोपी घातली.

बाबा मला कधीच सॉरी म्हणाले नाहीत. मी आता त्यांच्या त्या वयाच्या जवळ आलेय आणि नव्या देशात नव्या माणसाला मोठ्या माणसांची किती भीती असते ते मला समजतं. समजतं, पण म्हणून ते हसणं विसरता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गिटार कचऱ्याच्या मोठ्या पिंपात दिसली. खोका मात्र त्यांनी नीट घडी करून पुठ्ठ्यांसाठीच्या पिंपात टाकला होता.

अनघाताईनं मला पुन्हा कधी सुमी म्हटलं नाही. पंधराएक दिवसांनी तिनं मला खाली बोलावलं. ती एकटी बसनं वॉल्टच्या दुकानात जाऊन आली होती. सोफ्यावर एक मोठी, तपकिरी, पोटावर ओरखडा असलेली जुनी गिटार होती.

"वाजव," ती म्हणाली.

"नको."

"मी विचारत नाहीये. वाजव."

मी बसले. माझ्या अंगाला ती मोठी होत होती, हात जरा लांब करावा लागला. डीव्हीडीतली पहिलीच कॉर्ड मी धरली, जी मी हजार वेळा धरली असेल. तारा लोण्यासारख्या दाबल्या गेल्या, बोटांना कळलंही नाही. मी हात फिरवला आणि सहाच्या सहा सूर एकमेकांना धरून, शांतपणे, खोलीभर झाले. कुणी कण्हलं नाही. मी दुसरी कॉर्ड धरली. तीही आली. तिसरीही. मला वाटलं होतं आनंद होईल. माझ्या घशाशी आंबट पाणी आलं.

"काय झालं?" अनघाताईनं विचारलं.

"सोपं आहे हे," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. तिच्या बोटांवरच्या चिरा अजून भरायच्या होत्या. "हो," ती म्हणाली. "मलाही काल तेच कळलं. मग मी बाथरूममध्ये जाऊन ओकले."